गोचीड चावते, मटण बाधते

रात्रीच्या जेवणात बर्गर खाल्ला, झोपही लागली. मध्यरात्रीनंतर मात्र अंगभर गांधी उठल्या, पोटात कळा आल्या, श्वास कोंडू लागला. अमेरिकेत अशा तक्रारींमागे ‘अल्फा-गॅल सिंड्रोम’ असल्याचे अलीकडे वाढत्या प्रमाणावर आढळत आहे. लाल मांसाची ही अ‍ॅलर्जी जडते ती गोचीड चावल्याने.

अल्फा-गॅल ही एक शर्करा. गाय, डुक्कर, शेळी, मेंढी अशा बहुतेक सस्तन प्राण्यांत ती असते, माणसात नसते. ‘लोन स्टार’ जातीच्या गोचिडीच्या लाळेतही ती सापडते. चावताना लाळ त्वचेत शिरली की काहींच्या शरीरात या शर्करेविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. पुढे मटण किंवा बीफ खाल्ले की शरीर त्यावर उसळून उठते. कोंबडी आणि मासे मात्र चालतात.

या कोड्याचा धागा सापडला तो एका औषधातून. ‘सेटक्सिमॅब’ हे कर्करोगाचे औषध देताच अमेरिकेच्या आग्नेय भागातील काही रुग्णांना तीव्र अ‍ॅलर्जी होई. तिचे मूळ अल्फा-गॅलमध्ये असल्याचे व्हर्जिनिया विद्यापीठाचे डॉ. थॉमस प्लॅट्स-मिल्स व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले.

‘सीडीसी’ या अमेरिकी आरोग्य यंत्रणेच्या २०२३ मधील अहवालानुसार, २०१० ते २०२२ दरम्यान १ लाख १० हजारांहून अधिक संशयित रुग्ण आढळले. प्रत्यक्षात हा आकडा साडेचार लाखांपर्यंत असू शकतो. हरणांची वाढती संख्या आणि सौम्य होत चाललेले हिवाळे यांमुळे ही गोचीड उत्तरेकडे पसरते आहे. रुग्ण वाढण्याचे ते एक कारण. पण निदान न होणे हा तितकाच गंभीर प्रश्न आहे. त्रास सहसा खाल्ल्यावर दोन ते सहा तासांनी होतो. त्यामुळे जेवणावर संशयच जात नाही. सीडीसीने पाहणी केलेल्या १,५०० डॉक्टर व आरोग्यसेवकांपैकी ४२ टक्क्यांनी तर या आजाराचे नावही ऐकले नव्हते. न्यू जर्सीत २०२४ मध्ये बर्गर खाल्ल्यानंतर काही तासांत दगावलेल्या एका व्यक्तीच्या मृत्यूचे कारणही नंतरच्या रक्ततपासणीतूनच उलगडले.

हा आजार मुळापासून बरा करणारे औषध नाही. लाल मांस टाळणे, काहींना दूध व जिलेटिनही वर्ज्य करणे, एवढेच हाती उरते. नव्याने गोचीड चावली नाही, तर काहींची अ‍ॅलर्जी काही वर्षांत ओसरते. म्हणूनच रानात जाताना अंगभर कपडे घालणे आणि परतल्यावर अंग तपासणे महत्त्वाचे. आणि मध्यरात्री गांधी उठलेला रुग्ण दारात आला, तर डॉक्टरांनी दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात : रात्री काय खाल्ले? आणि अलीकडे गोचीड चावली होती का?