पालेभाजीच्या सारात लिंबू हवेच

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. जालना जिल्ह्यातल्या घरांनीही हा आकडा आपलाच समजावा. शेवग्याचा पाला, राजगिरा, तांदुळजा यांत लोह असते. पण वनस्पतींतले लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. त्याला ‘क’ जीवनसत्त्वाची जोड लागते.

म्हणून मूठभर कोवळा पाला मूगडाळीसोबत शिजवून घोटावा, वरून लसूण-जिऱ्याची फोडणी द्यावी. शिजवलेले पाणी फेकू नये, फोलेट त्यातच उतरते. लिंबू मात्र भांडे उतरवल्यावरच पिळावे, कारण उष्णतेने ‘क’ जीवनसत्त्व घटते. सोबत मोसंबी खाल्ली तर उत्तमच. भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची मोसंबी सगळीच बाजारात कशाला पाठवायची? जेवणानंतर तासभर चहा नको. त्याने लोहाचे शोषण कमी होते.

डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांना हे सार पर्याय नाही. पण घरोघरी बाईच्या वाट्याला शेवटी उरलेलेच येत असेल, तर पाककृती सांगून उपयोग काय? साराची पहिली वाटी तिला मिळायला हवी.