म्यू दिलेला आहे असे समजा

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझ्या मराठीचा क्लच अधूनमधून स्लिप होतो. सांभाळून घ्या. विषयही क्लचचाच आहे.

दिवाळीनंतर मी बाबांची जुनी १५० सीसी बाईक होस्टेलवर आणली. ऑइल बदलायचं होतं. घरी कारच्या सर्व्हिसिंगमधून उरलेला सिंथेटिक ऑइलचा कॅन पडला होता, ५डब्ल्यू-३०. महागाचं ऑइल, तेही फुकट! गेटबाहेरच्या मेकॅनिक काकांना कॅन दिला. त्यांनी विचारलं, "हेच घालायचं ना?" मी म्हणालो, "काका, मी मेकॅनिकलला आहे." विषय संपला.

आठवड्याने मित्राला मागे बसवून दिवे घाट चढत होतो. पुढे ट्रक. ओव्हरटेक करायला थ्रॉटल पिळला, तर इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी पुढे सरकत नाही! समोरून एस.टी. येताना दिसली. कसाबसा परत ट्रकच्या मागे घुसलो. वरती पोचेपर्यंत दोघंही बोललो नाही.

संध्याकाळी सरळ काकांकडे गेलो आणि चार पोरांसमोर म्हणालो, "माझ्या चांगल्या प्लेट्स काढून घेतल्यात ना?" होस्टेलमध्ये आपण असंच बोलतो, गेटबाहेरचा माणूस म्हणजे चोर. काका काही बोलले नाहीत. क्लच लिव्हरचा फ्री प्ले पाहिला, तो बरोबर होता. मग माझाच रिकामा कॅन आणून त्यावर बोट ठेवलं. "यावर एमए कुठे आहे?"

मला उत्तर आलं नाही. आणि गंमत म्हणजे उत्तर माझ्या वहीत होतं. क्लचचा टॉर्क म्हणजे घर्षण पृष्ठभागांची संख्या, म्यू, स्प्रिंगचा जोर आणि सरासरी त्रिज्या यांचा गुणाकार. हे गणित मी डोळे मिटून सोडवतो. पण पेपरात म्यू नेहमी "दिलेला" असतो. तो कोण देतं, हे मी कधी विचारलंच नाही.

आपल्या बहुतेक बाइक्समध्ये क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारचा साधा क्लच कोरडा, ऑइलपासून लांब. म्हणून पेट्रोल वाचवायला कारच्या बऱ्याच पातळ ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर घालतात. इंजिनला ते चांगलं, पण बाइकच्या क्लच प्लेट्सना घर्षणच तर हवं असतं! प्रत्येक कार ऑइलने क्लच स्लिप होतोच असं नाही, पण जुन्या प्लेट्सवर ही जोखीम कशाला? यासाठीच १९९८ साली जपानच्या जासो मानकात एमए आणि एमबी असे दोन वर्ग आले. एमए ओल्या क्लचच्या बाइकसाठी. एमबी कमी घर्षणाचं, कोरड्या क्लचच्या स्कूटरला चालतं, बाइकला नाही. आणि कॅनवर "रिसोर्स कन्झर्व्हिंग" दिसलं, तर बाइकपासून लांब ठेवा.

उपाय साधा होता. काकांनी ते ऑइल काढून एमए ऑइल भरलं. शंभरेक किलोमीटर हळू चालवल्यावर ते काढून पुन्हा नवीन भरलं, कारण जुनं थोडं आत राहतंच. स्लिप गेली. गेली नसती, तर प्लेट्स उघडून जाडी आणि स्प्रिंगची लांबी मोजावी लागली असती. तसंच पळवत राहिलो असतो, तर प्लेट्स जळाल्या असत्या, मग कुठलंही ऑइल कामाचं नाही.

सरांना एक विनंती आहे. प्रॅक्टिकलला एक उघडलेला क्लच आणि दोन ऑइलचे कॅन टेबलावर ठेवा, आणि वायवात विचारा, म्यू कुठून आला? जर्नल आम्ही एकमेकांची छापतो, कॅन छापता येणार नाही.

आणि मित्रांनो, आपल्यासाठी एकच. "मी इंजिनीअरिंगला आहे" हे वाक्य गॅरेजमध्ये वापरू नका. त्याऐवजी "काका, असं का?" विचारा. मी दुसऱ्या दिवशी सॉरी म्हणायला गेलो, त्याच चार पोरांसमोर. काकांनी चहा मागवला. पैसे मात्र दोन्ही वेळच्या ऑइलचे पूर्ण घेतले.

बरोबरच आहे. फी भरल्याशिवाय शिकलेलं लक्षात राहत नाही.