वरातीची घोडी आणि घराचा हिशेब

जयपूरच्या लग्नसराईत शृंगारलेल्या घोडीवरून निघणारा नवरदेव पाहिला, की घोडी बाळगणाऱ्याचा व्यवसाय भरभराटीचा वाटतो. प्रत्यक्षात हा व्यवसाय पंचांगाने बांधलेला आहे. आषाढ शुद्ध एकादशीला देव निजतात, कार्तिक शुद्ध एकादशीला उठतात आणि मधल्या चार महिन्यांत विवाहाचे मुहूर्त नसतात. घोडीची भूक मात्र चातुर्मास पाळत नाही. साडेतीनशे ते चारशे किलो वजनाच्या घोडीला वैरण व खुराक मिळून रोज सुमारे आठ किलो शुष्क आहार लागतो. १२० दिवसांत तो साडेनऊ क्विंटलांच्या घरात जातो. गाय आटली तरी पुढच्या वेताच्या दुधाची आशा असते. वरातीच्या घोडीला या काळात उत्पन्नच नाही.

या ओढाताणीचा भार पती-पत्नीच्या नात्यावर पडतो, याची चर्चा पशुसंवर्धनाच्या व्यासपीठांवर क्वचितच होते. घोडी दारात येते ती बहुधा पुरुषाच्या निर्णयाने. कधी पिढीजात व्यवसाय म्हणून, कधी हौसेने, कधी प्रतिष्ठेपायी. वरातीचे पैसेही त्याच्याच हाती येतात. चारापाणी करणे आणि लीद काढणे यांत पत्नीचा वाटा मोठा असतो. किराणा आणि मुलांच्या शाळेचा खर्चही तिलाच भागवावा लागतो. भाद्रपदात वैरणवाल्याची उधारी थकली, की गहाण पडते ते तिचे स्त्रीधन. मग हौसेने आणलेले जनावर ‘खायला काळ अन् भुईला भार’ ठरते. वाद घोडीवरून झालेला दिसतो. मूळ असते एकाने घेतलेल्या निर्णयात आणि दोघांनी फेडायच्या कर्जात.

त्यातच उत्पन्न थांबते ते नेमके माश्यांच्या हंगामात. टॅबॅनस वर्गातील मोठ्या माश्या ओलसर चिखलात व पाणथळ काठांवर वाढतात आणि पावसाळ्यात त्यांचा उपद्रव वाढतो. रक्त पिताना जनावराने शेपटी झटकली, की अर्धपोटी माशी शेजारच्या जनावरावर बसते आणि ‘सर्रा’ रोगाचे परजीवी सोबत नेते. अधूनमधून येणारा ताप, रक्तक्षय, पाय व पोटाखाली सूज आणि झपाट्याने खंगणे ही या रोगाची लक्षणे होत. उपचार वेळेवर न झाल्यास घोडी दगावू शकते. म्हणजे हाती पैसा नसताना पशुवैद्यकाचा खर्च उभा राहतो आणि कार्तिकातील मुहूर्तही हातचे जातात.

हा प्रश्न एका शहरापुरता नाही. सारंगखेड्याच्या बाजारातून किंवा माळेगावच्या यात्रेतून घोडे घेणाऱ्या महाराष्ट्रातील कुटुंबांनाही हंगामी मिळकत आणि बारमाही खर्च यांचा मेळ घालावा लागतो. २०१२च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती. २०१९मध्ये ती साडेतीन लाखांच्या आत आली. यांत्रिकीकरण हे त्याचे एक कारण खरेच. पण जनावर कुटुंबाला परवडत नाही, हेही दुर्लक्षून चालणार नाही.

फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर व उंट यांच्याशी संबंधित उद्योगांसाठी ५० टक्के, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदान मंजूर केले आणि विमाहप्त्यातील पशुपालकाचा वाटा १५ टक्क्यांवर आणला. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु भांडवली अनुदानाने व्यवसाय उभा राहतो. चातुर्मासातील वैरण येत नाही. ती तजवीज घरातच करावी लागते.

म्हणून विस्तार कार्यकर्त्याने तबेल्यात उभे राहून केवळ मालकाशी बोलणे पुरेसे नाही. पती-पत्नी दोघांना समोर बसवून वर्षाचा हिशेब मांडावा. लग्नसराईतील प्रत्येक वरातीच्या रकमेतून ठरावीक हिस्सा दोघांच्या संयुक्त खात्यात चारा व औषधासाठी बाजूला पडावा. वैरण सुगीत, भाव उतरलेला असताना भरावी. विमा पावसाळ्याआधी उतरवावा आणि सर्राच्या रक्ततपासणीविषयी व प्रतिबंधक औषधाविषयी पशुवैद्यकाचा सल्ला तेव्हाच घ्यावा. तबेल्यातील चावऱ्या माश्या ओल्या लिदीत व कुजक्या वैरणीत वाढतात. अंड्यापासून माशी होण्यास उष्ण हवेत दोन-तीन आठवडे लागतात. लीद व ओली वैरण रोज, निदान आठवड्यातून एकदा, उचलून पातळ पसरून वाळवली तर ही साखळी तुटते. या कामाला पैसा नव्हे, शिस्त लागते. मात्र ते एकट्या स्त्रीच्या माथी मारू नये.

दुसरी घोडी घेण्याचा मोह झाल्यास एकच कसोटी लावावी: पहिलीच्या चार महिन्यांची वैरण कर्जाविना भरता येते का? उत्तर नकारार्थी असेल तर खरेदी थांबवावी आणि तो निर्णय दोघांनी मिळून घ्यावा. वैरण, विमा आणि औषध यांचा विचार श्रावणात सुरू करणे म्हणजे वरातीमागून घोडे. तो लग्नसराईतच, हातात पैसा असताना व्हायला हवा.