घडी मोडण्याचा मान

घटस्थापनेचा दिवस उजाडला की घराघरांत मातीत धान्य पेरले जाते, अखंड दीप लागतो आणि घटावर पहिली माळ चढते. त्याच सुमारास घरातील कपाटेही उघडतात. कोणत्या दिवशी कोणत्या रंगाची साडी, याची सुना-लेकींमध्ये चर्चा चालू होते. पोलके मिळते का, काठ शोभतो का, हे पाहिले जाते. या साऱ्या गडबडीत घरातील एक व्यक्ती मात्र देव्हाऱ्यापाशी वाती वळीत शांतपणे बसलेली असते. तिला कोणी विचारलेच तर तिचे उत्तर ठरलेले असते, ‘‘मला कशाला आता? माझं काय राहिलंय?’’ आणि ते उत्तर निमूटपणे मान्य करून घर पुढील खरेदीस निघते. आज आम्हांस या उत्तराविषयी, आणि ते इतक्या सहजपणे मान्य करणाऱ्या घराविषयी, चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम आमच्याच घरातील गोष्ट सांगतो. थोरल्या बहिणीच्या विवाहात आमच्या आईस मानाची म्हणून एक रेशमी साडी आली होती. रंग डाळिंबी, काठ चांगले रुंद. आईने ती मांडीवर उलगडली, काठावरून हात फिरविला आणि तिचा चेहरा क्षणभर उजळला. इतक्यात कोणीतरी, बहुधा आम्हा भावंडांपैकीच एकाने, थट्टेने म्हटले, ‘‘या वयात एवढा गडद रंग?’’ आई हसली. तिने साडीची पुन्हा व्यवस्थित घडी घातली आणि ती ट्रंकेत ठेवून दिली. पुढे वडील गेले, मग त्या साडीचा विषयच निघेनासा झाला. आईच्या पश्चात ट्रंक उघडली तेव्हा ती साडी जशीच्या तशी होती. मात्र उलगडावयास गेलो तो ती घडीच्या प्रत्येक रेषेवर उसवत गेली. रेशीम वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिले की घडीवरच तुटते. जाणत्या बायका म्हणूनच अधूनमधून घडी बदलून ठेवतात. वस्त्र नेसल्याने विरते हे आम्हांस ठाऊक होते. न नेसताही विरते, हे त्या दिवशी कळले.

नवे वस्त्र पहिल्यांदा नेसण्यास आपल्या भाषेत ‘घडी मोडणे’ असा सुरेख शब्दप्रयोग आहे. नव्या साडीची घडी मोडावयास ती प्रेमाने लेकीला, भावजयीला, मैत्रिणीला देण्याची रीतही आहे. ज्या स्त्रीने आयुष्यभर स्वतःच्या साड्यांच्या घड्या दुसऱ्यांना मोडावयास दिल्या, तिच्या वाट्याला उतारवयात स्वतःची एकही घडी मोडण्याचा मान राहू नये, यास आम्ही केवळ कपड्यांचा प्रश्न समजत नाही.

देवीच्या बाबतीत आपला व्यवहार कसा असतो, हे पाहण्यासारखे आहे. षोडशोपचारांत स्नानानंतर वस्त्राचा उपचार येतो. त्यावाचून पूजा पुरी होत नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईची नवरात्रात दररोज निराळ्या रूपात पूजा बांधली जाते. तिरुपतीच्या देवस्थानाकडून तिला मानाचा शालू येतो आणि तो पाहण्यास भाविकांची रीघ लागते. तुळजापुरास भवानीमातेची रथ अलंकार, मुरली अलंकार, शेषशाही अलंकार अशा रूपांतील पूजा डोळे भरून पाहावी अशी असते. जिला आपण आदिमाया म्हणतो, विश्वाच्या आधीची मानतो, तिला हा गडद रंग या वयात शोभेल काय, असा विचार कोणा भक्ताच्या स्वप्नातही येत नाही. आणि या देवीला आपण हाक मारतो ती कोणत्या नावाने? ‘आई’ म्हणूनच ना? मग जगाच्या आईला भरजरी शालू आणि घरच्या आईला ‘आता कशाला’, हा कोठला न्याय?

यावर कोणी म्हणेल की देवीची गोष्ट निराळी. मनुष्याने उतारवयात हळूहळू विरक्त व्हावे, हीच आपली शिकवण आहे. विरक्तीचे मोल आम्ही जाणतो. परंतु त्याग हा ज्याचा त्याने करावयाचा असतो. स्वतःच्या हाताने सोडले तर तो त्याग. दुसऱ्याने सोडावयास लाविले तर ते हिरावून घेणे होय. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचेच उदाहरण घ्यावे. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव पडले. पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्यकारभार केला. त्या स्वतः साधे पांढरे वस्त्र नेसत. पण महेश्वरास त्यांनी विणकर आणून वसविले आणि तेथील मागांना आश्रय दिला. महेश्वरी साडीच्या काठावर नर्मदेच्या लाटांची व तेथील वाड्या-घाटांवरील कोरीव कामाची नक्षी आजही विणली जाते. स्वतःसाठी पांढरा रंग ठेवणाऱ्या त्या साध्वीने इतर स्त्रियांच्या अंगावरील रंग काढून घेतले नाहीत, उलट रंगांचे माग उभे केले. खरी विरक्ती ही अशी असते.

आता रंगांविषयी. अमुक रंग शुभ, तमुक अशुभ. हा रंग सवाष्णीचा, तो म्हातारपणाचा, असे आपण जणू वेदवाक्य असल्यासारखे बोलतो. थोडे मागे वळून पाहिले तर काय दिसते? आपल्याकडील ब्राह्मण घरांत केशवपन झालेल्या विधवेस जे आलवण नेसावे लागे ते तांबडे असे. बंगालात विधवेचे वस्त्र पांढरे. तिकडे केरळात सोनेरी काठाचे शुभ्र वस्त्र ओणमच्या सणाला आणि विवाहातही मंगल मानले जाते. आपल्याकडे काळा रंग शुभकार्यात वर्ज्य. पण संक्रांतीस नव्या सुनेला हौसेने घेतली जाते ती काळी चंद्रकळाच. नवरात्रातील नऊ रंगांची प्रथा तर कोणत्याही पोथीतील नव्हे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ती रूढ झाली, आणि तिचे श्रेय वा दोष आम्हा वृत्तपत्रांकडेच जातो. त्या रंगांत सोमवारचा पांढरा असतो आणि शनिवारचा बहुधा राखाडी. त्या दिवशी नववधूदेखील पांढरी साडी आनंदाने नेसते, कचेरीतील साऱ्या मुली राखाडी रंगात छायाचित्र काढवून घेतात, आणि कोणासही त्यात अशुभ दिसत नाही. मग रंगात वय नाही, वैधव्यही नाही. ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आहे, असेच म्हणावे लागेल.

वैधव्याचा विषय निघालाच आहे, तर तो टाळून पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये एका विधवेशी विवाह करून लोकनिंदा सोसली. केशवपन गेले, आलवण गेले. पण देवीसमोर ओट्या भरल्या जात असताना घरातील एक स्त्री अजूनही पाठीमागच्या खोलीत काम काढून बसते, हे आपणांपैकी कितीजणांनी पाहिलेले नाही? तिला कोणी ‘जा’ म्हणत नाही. ती स्वतःच उठून जाते, कारण तिने काय करावे हे न बोलताच तिच्या अंगवळणी पडलेले असते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने पतिनिधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने तो कित्ता इतर गावांनीही गिरवावा असे कळविले. ग्रामपंचायतीचा ठराव चव्हाट्यावर लागतो. घरातील कपाटाचा ठराव मात्र घरानेच करावयाचा असतो. दशमहाविद्यांमधील धूमावती ही देवी वृद्ध आणि विधवा रूपातच वर्णिलेली आहे, आणि तीही पूज्यच आहे. देवत्व जर त्या रूपाला सोडून गेले नाही, तर मांगल्य का सोडून जावे?

वस्त्राची आवड म्हणजे थिल्लरपणा, असा एक समज आहे. आम्हांस तर वाटते की वस्त्राचा खरा आनंद प्रौढपणीच कळतो. विशीतील मुलगी रंग पाहते. साठीतील बाई पदर चिमटीत धरून सूत पाहते. हा रंग पहिल्या धुण्यात जाईल, हा काठ आटेल, हे वस्त्र जितके धुवावे तितके मऊ होत जाईल, हे ती स्पर्शावरून सांगते. लाल-पांढऱ्या पदराची इरकल, नारायणपेठी, पैठणी यांतील भेद तिला कोणी शिकवावा लागत नाही. आपल्याला काय शोभते आणि काय नाही, हे तिला आरशाहून चांगले ठाऊक असते. आपल्या आज्या नऊवारी नेसत तेव्हा प्रत्येकीची ढब निराळी होती. कोणी दोन्ही खांद्यांवरून पदर घेई, कोणी तो खोचून कामाला लागे, आणि दुरून पाठमोरी पाहूनही अमकी कोण हे ओळखू येई. ही जाण चाळीस-पन्नास वर्षांच्या नेसण्यातून येते. ती आल्यावर नेमके ‘आता पुरे’ म्हणणे हे स्वयंपाक साधल्यावर चूल विझविण्यासारखे आहे.

तरीही घरोघर काय चालते? वडीलधाऱ्या बाईस साड्या मिळत नाहीत असे नाही. मुंजी-लग्नांत त्या ढिगाने येतात. पण त्या ‘देण्याघेण्याच्या’ असतात. फिकट, बदामी किंवा मातकट, ‘वयाला चालेल’ म्हणून उचललेल्या. तीच पुढे त्या दुसऱ्या कोणाला देते. आपल्यासाठी म्हणून, आपल्या पसंतीने निवडलेले वस्त्र तिला शेवटचे केव्हा मिळाले, हे तिलाही आठवत नाही. शरीराच्या गरजाही बदलतात. खांदा आखडतो, मग हूक पुढे असलेले पोलके सोयीचे पडते. गुडघे दुखतात, मग जड जरीपेक्षा हलके सुती वस्त्र बरे वाटते. सकाळी फिरावयास जाताना एखादीस सलवार-कमीज घालावीशी वाटली तर तिच्या मुलालाच संकोच होतो. आईचे वय झाले हे आपण पावलोपावली तिला सांगतो; त्या वयाची सोय मात्र पाहत नाही.

आमच्या या लिहिण्याचा कोणी विपर्यास करू नये. कर्ज काढून पैठणी घ्यावी, नऊ दिवसांच्या नऊ साड्यांसाठी घरखर्च आटवावा, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. वस्त्राचा आनंद किमतीत नसतो. धुऊन, खळ देऊन, इस्त्री केलेल्या साध्या सुती लुगड्यातही तो असतो. आणि एखाद्या माउलीस मनापासून पांढरेच आवडत असेल, कुंकवाऐवजी मोकळे कपाळ बरे वाटत असेल, तर तिच्यावर रंग लादणे हीदेखील जबरदस्तीच होय. निवड तिची असावी, एवढाच आमचा आग्रह आहे.

काही माताभगिनी म्हणतील, ‘‘आम्हांला खरोखरच काही नको.’’ त्यांनाही आमची नम्र विनंती आहे. ‘नको’ हे मनातून आले आहे की वर्षानुवर्षांच्या सवयीतून, हे एकदा कपाट उघडून स्वतःलाच विचारावे. भगवंताने गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आत्म्याचे रहस्य सांगताना जीर्ण वस्त्र टाकून नवे घेण्याचीच उपमा योजिली आहे. नव्या वस्त्राची ओढ ही इतकी स्वाभाविक, इतकी निर्मळ गोष्ट आहे. तिची लाज कशाला?

नऊ माळा पुऱ्या होतील आणि विजयादशमी येईल. सायंकाळी आपट्याचे सोने घेऊन आपण वडीलधाऱ्यांच्या पाया पडू. त्यापूर्वी, सकाळीच, घरातील लेकी-सुनांनी आणि मुलांनीही एवढे करावे. आईचे, सासूबाईंचे, आजीचे, आत्याबाईंचे कपाट त्यांच्यासमवेत उघडावे; तळाशी दडलेली त्यांच्या आवडीची साडी बाहेर काढावी आणि म्हणावे, ‘‘आज हिची घडी तुम्हीच मोडा.’’ नवी घ्यावयाची असेल तर त्यांनाच दुकानात न्यावे आणि ‘तुम्हांला काय करायची’ असे न विचारता ‘कोणता रंग आवडतो’ असे विचारावे. त्या पतिविहीन असतील तर देवीसमोर त्यांचीही ओटी आदराने भरावी. दसऱ्यास सीमोल्लंघन करण्याची आपली परंपरा आहे. गावाची वेस ओलांडणे सोपे असते. मनात घातलेली वेस ओलांडणे कठीण. यंदा ती ओलांडण्याचे बळ जगदंबेने आपणां सर्वांस द्यावे, आणि कोणत्याही घरातील रेशीम न नेसताच घडीवर विरू नये, हीच तिच्या चरणी आमची प्रार्थना.