फिजिक्स शिकून पोरगी काय करणार?

बारावीचा निकाल लागला की आमच्या कंधारात घरोघरी एकच प्रश्न, ‘नीटचं काय झालं?’ शेजारची पोरगी पेढे घेऊन आली, तेव्हा मीही तेच विचारलं. ती म्हणाली, ‘काकू, मला फिजिक्स घ्यायचंय.’ मागून तिची आई बोललीच, ‘फिजिक्स शिकून काय करणार ही? उद्या संसारात पडली की सगळं वायाच.’

मला डॉ. रोहिणी गोडबोले आठवल्या. १९५२ साली पुण्यात जन्मलेल्या, हुजूरपागेत शिकलेल्या. त्या काळी तिथं सातवीपर्यंत मुलींना शास्त्राऐवजी गृहशास्त्र होतं आणि स्कॉलरशिपला तर शास्त्राचा पेपर! त्यांनी वेगळा अभ्यास केला आणि शाळेतून ती स्कॉलरशिप मिळवणाऱ्या पहिल्या ठरल्या. पुढं स. प. महाविद्यालय, मुंबईचं आयआयटी, अमेरिकेत १९७९ साली पीएच.डी. तिथंच न राहता त्या परत आल्या. मुंबई विद्यापीठात शिकवलं आणि १९९५ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलं.

त्यांचा विषय अणूच्या पोटातले कण. प्रचंड ऊर्जेचे प्रकाशकण एकमेकांवर आदळले की त्यातून नवे कण किती निपजतात, याचा हिशेब त्यांनी मॅन्युएल ड्रीस यांच्यासोबत मांडला. कणांची टक्कर घडवणारी मोठी यंत्रं आखताना तो विचारात घ्यावा लागतो. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या गेल्या.

पण मैत्रिणींनो, मला त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. शिकलेल्या मुली संशोधनातून गळतात कुठं, हे त्यांनी शोधलं. २००८ साली राम रामस्वामी यांच्यासोबत ‘लीलावतीज डॉटर्स’ या पुस्तकात सुमारे शंभर भारतीय स्त्री शास्त्रज्ञांच्या कहाण्या आणल्या. २०१० साली सहकाऱ्यांसोबत पीएच.डी. झालेल्या स्त्रियांची पाहणी केली. संशोधन सुटलेल्या बऱ्याच जणींनी घर-मूल हे कारण दिलंच नाही. जोगी नोकरीच मिळाली नाही, असं त्या म्हणाल्या.

म्हणजे बघा, आपण सगळा दोष संसारावर टाकतो आणि संस्था नामानिराळ्या राहतात! सरकारी आकडेवारीनुसार २०१८ साली देशात प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्यांत बायका होत्या १६.६ टक्के. सहा जणांत जेमतेम एक. वर्गात पोरी काही इतक्या कमी नसतात. मग वाटेत कुणीतरी दार लावून घेतंय, नाही का?

ते दार उघडायला सरकारनं, विद्यापीठांनी हात लावायला हवा. पण पहिली कडी आपल्या घरात आहे. डॉक्टर, इंजिनिअर सोडून तिसरी वाटही असते, हे आपण पोरींना सांगतच नाही. नांदेडच्या विद्यापीठात फिजिक्सचं एमएस्सी होतं, पुण्याच्या आयसरमध्ये बारावीनंतर परीक्षा देऊन थेट जाता येतं.

शेजारणीला मी एवढंच म्हटलं, ‘वहिनी, संसाराचं नंतर बघू. आधी तिला फॉर्म तर भरू द्या!’