कात्री लेकराच्या हातात द्या

दिवाळीला हदगावला आलो त्या संध्याकाळी वहिनीच्या फोनवर पुतणीच्या शाळेचा मेसेज आला. आकाशकंदील स्पर्धा. खाली ठळक अक्षरांत: चिनी वस्तू चालणार नाहीत. पुतणी पहिलीत आहे. तिनं विचारलं, "काका, चिनी म्हंजे काय?"

काय सांगू? कागद बनवणं जगाला चीननंच शिकवलं. इ.स. 105 मध्ये त्साय लून नावाच्या दरबारी अधिकाऱ्यानं त्याची पद्धत सम्राटापुढे मांडली, आणि त्याहून जुना कागदही तिथं सापडलाय. 'कंदील' शब्द अरबीतून आला, मूळ लॅटिन. म्हणजे 'स्वदेशी कागदी कंदील' या तीन शब्दांत आपला एकच. 2020 च्या जूनमध्ये गलवाननंतर 59 ॲप बंद झाली, आणि दर दिवाळीला बहिष्काराचे मेसेज येतात. त्यातले कितीतरी चिनी कंपन्यांच्या फोनवरून येतात. माझाही तसलाच आहे.

बाजारातला आयता प्लास्टिकचा कंदील नको, हे मला पटतं. मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीत कामट्या बांधणाऱ्यांच्या पोटाचा प्रश्न खराच आहे. पण तो प्रश्न पहिलीतल्या पोरीच्या घोटीव कागदावर कशाला लादता?

आम्ही मुद्दाम चिनी पद्धतीचाच कंदील केला, कारण सहा वर्षांच्या हाताला तोच जमतो. कागद आडवा दुमडायचा. घडीच्या बाजूनं बोटभर अंतरावर कापत जायचं, वरच्या कडेला दोन बोटं जागा सोडायची. उलगडून गोल गुंडाळायचा. आत दुसऱ्या रंगाची थोडी बुटकी नळी, वरखाली चिकटवली की बाहेरच्या पट्ट्या आपोआप फुगतात. कामट्या नकोत, खळ नको.

पहिला कागद तिनं उलट्या बाजूनं कापला. घडीकडून नाही, मोकळ्या कडेकडून. माझा हात कात्रीकडे गेलाच होता. ऑफिसात ज्युनिअरचा कोड बघताना जातो तसाच: सरक, मी करतो, दोन मिनिटांचं काम. कसाबसा आवरला. उलगडलं तर कंदिलाऐवजी झालर. ती थोडा वेळ बघत बसली, मग म्हणाली, "ही खाली लावू." दुसऱ्या कागदाला तिनं घडी आधी बोटानं चाचपली. हे मी शिकवलं नव्हतं. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये मलाही कुणी शिकवलं नव्हतं; तिथं जर्नल सीनिअरचं बघून उतरवायचं असतं.

स्पर्धेच्या दिवशी मीच तिला सोडायला गेलो. टेबलावर कंदील काय एकेक! थर्माकोलची नक्षी, लेसरनं कापल्यासारख्या पाकळ्या, सोनेरी लेस. पहिलीतल्या लेकरांना म्हणे हॉट ग्लू गन चालवता येते. रात्री बारापर्यंत आया जागल्या, बाबांनी नांदेडहून सामान आणलं, आणि सकाळी पोरानं तो कंदील दोन्ही हातांनी सांभाळत आणला. त्याचा त्यात वाटा तेवढाच, हमालीचा. आमचा कंदील 'चायनीज टाइप' म्हणून बाजूला ठेवला.

आयांना दोष देत नाही. शाळेला फोटो हवा, ग्रुपवर अंगठे हवेत, आणि वाकडा कंदील नेला की 'घरी कुणी लक्ष देत नाही का' हे ऐकावं लागतं, तेही आईलाच. पण मग याला मुलांची स्पर्धा म्हणू नका. 'पालक हस्तकला' म्हणा, प्रमाणपत्रावर आईचं नाव लिहा. देशी-विदेशीचा एवढा कडक नियम लावता, तर 'हे कुणी केलं?' एवढं तरी विचारा. दुसऱ्याच्या हातचं आपल्या नावावर आणायला पहिलीतच शिकवलंत, तर पुढे कॉपीमुक्त अभियान कुणासाठी राबवता?

कंदील आता ओसरीवर टांगलाय. आत छोटा एलईडी. एका अंगानं फुगलाय, एका अंगानं चपटा, खाली ती चुकलेली झालर. काल शेजारचं पोरगं कागद घेऊन आलं. पुतणी त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि हात मागे बांधून ओरडत होती, "तिकडून नाही रे! घडी कुठाय बघ आधी!"