विश्लेषण : लेझर किती किलोवॉटचा, की कोणत्या आकाराचा?

पोलराइज्ड गॉगल घालून मोबाइल हळूहळू फिरवला, तर अनेक फोनचा स्क्रीन एका कोनात काळवंडतो. स्क्रीन चालूच असतो; फक्त त्यातील प्रकाशाच्या कंपनाची दिशा गॉगलला अडते. कंपनाच्या या दिशेलाच ध्रुवीकरण म्हणतात. लेझरने पत्रा किती स्वच्छ कापला जाईल, हेही तिच्यावर अवलंबून असू शकते. त्यामुळे कळव्याहून विटावामार्गे ऐरोलीकडे जाणाऱ्या ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यासाठी हा विषय फक्त प्रयोगशाळेतला राहत नाही.

कापताना फरक काय पडतो?

सीओटू लेझरचा प्रकाश एकाच सरळ दिशेत कंप पावत असेल, तर त्या दिशेने कापताना धातू जास्त ऊर्जा शोषतो, काटकोनात वळल्यावर कमी. मग एकाच तुकड्याच्या वेगवेगळ्या बाजूंना कापाची रुंदी आणि धार बदलते. म्हणून किरणाच्या मार्गात खास आरसा बसवून ध्रुवीकरण वर्तुळाकार केले जाते. फायबर लेझरच्या प्रकाशाला बहुतेक वेळा अशी ठरावीक दिशाच नसते. त्यामुळे अडचण टळते, पण ध्रुवीकरणाचा लाभही मिळत नाही.

हा लाभ छोटा नाही. कंपने सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखी केंद्रातून बाहेर जाणारी असतील, तर प्रत्येक दिशेने कापताना शोषण चांगले होते. निझिएव्ह आणि नेस्तेरोव्ह या रशियन संशोधकांनी १९९९ मध्ये गणिताने दाखवले की, अशा किरणाची कापण्याची क्षमता दीड ते दोन पट होऊ शकते. प्रत्यक्षातला फायदा धातू आणि जाडीनुसार बदलेल.

प्रकाशाचा ‘भोवरा’ म्हणजे काय?

काही किरणांमध्ये लहरी पुढे जाताना जिन्यासारख्या गोल फिरतात. मधोमध त्या एकमेकींना रद्द करतात आणि प्रकाशाचे कडे उरते, मेदुवड्यासारखे. असा किरण फिरवण्याची ताकदही वाहून नेतो, हे लेस अॅलन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडले. त्याने सूक्ष्म कण पकडून फिरवता येतात.

मधल्या काळोखाचाही उपयोग आहे. २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्यांपैकी स्टेफान हेल यांच्या सूक्ष्मदर्शक तंत्रात असे कडे भोवतालची चमक विझवते आणि फक्त मधला बारीक ठिपका दिसत राहतो. त्यासाठी अनेकदा भोवरा किरण वापरतात. इथे ध्रुवीकरणाची फिरण्याची दिशा उलटी निवडली, तर मधला काळोख भरून जातो आणि तंत्र फसते. म्हणजे भोवरा आणि ध्रुवीकरण यांचा मेळ जमवावाच लागतो.

आऱ्यांसारखे ध्रुवीकरण असलेला किरण ताकदीच्या भिंगातून गेला, की उलट घडते. कड्याच्या मधोमध तीक्ष्ण ठिपका तयार होतो. जर्मनीत २००३ मध्ये मोजलेला असा ठिपका, सरळ ध्रुवीकरणात शक्य असलेल्या ठिपक्यापेक्षा क्षेत्रफळाने सुमारे ४० टक्के लहान होता.

भारताचा वाटा काय?

बंगळूरुच्या रामन संशोधन संस्थेतील एस. पंचरत्नम यांनी १९५६ मध्ये, विशीच्या सुरुवातीलाच दाखवले की ध्रुवीकरण बदलत नेऊन पुन्हा मूळ स्थितीत आणले, तरी लहर थोडी सरकलेली राहते. ध्रुवीकरणातून थेट भोवरा बनवणाऱ्या आजच्या काही चकत्या याच तत्त्वावर चालतात. सिद्धांत इथला असून उपकरणे बनवण्यात मात्र आपण मागे राहिलो.

मग कळव्याने काय करावे?

मशीन घेताना पहिला प्रश्न किलोवॉटचा असतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. वेल्डिंगसाठी मधला ठिपका आणि भोवतीचे कडे यांची ताकद वेगवेगळी ठरवता येणारे लेझर बाजारात आहेत. तांबे-अॅल्युमिनियमच्या कामात त्यांनी ठिणग्या आणि शिंतोडे कमी होतात. त्यात भोवरा नसतो, पण सूत्र तेच : तेवढीच ऊर्जा, नीट वाटलेली.

हे ज्ञान वर्कशॉपमध्ये नसेल, तर धार बिघडली की मालकापुढे दोनच वाटा उरतात : सर्व्हिस इंजिनीअरची वाट पाहणे किंवा आणखी मोठी मशीन घेणे. वाया गेलेला पत्रा आणि कर्जाचा हप्ता दोन्ही त्याच्याच माथी येतात. म्हणून ध्रुवीकरण परीक्षेपुरते न ठेवता आयटीआय आणि इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना ते कापलेल्या पत्र्याच्या कडेवर दाखवायला हवे. एक चौकोन कापायचा आणि चारही बाजू बोटाने तपासायच्या. धडा तिथूनच सुरू होतो.